गाडी जुनी घ्यावी की छोटी?

पत्र :

ताई, नमस्कार. मी नागपुरात मनीषनगरला राहतो आणि बुटीबोरी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. जानेवारी २०२२ मध्ये पेट्रोलवरची छोटी एसयूव्ही घेतली. ऑन-रोड १२ लाख ८० हजार पडली. त्यातले १० लाख बँकेचे, साडेआठ टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. हप्ता १५ हजार ८३७. चार वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. पण दिवाळीपासून ओव्हरटाइम बंद झाला आणि मोठी मुलगी यंदा अकरावीला जाणार, तिच्या क्लासची फी आहे. महिन्याला सात हजार कमी पडून राहिले. डीलर माझ्या गाडीचे ७ लाख देतो म्हणतो. कंपनीतल्या मित्राच्या ओळखीने २०१२ ची पेट्रोल सेडान २ लाखांत मिळते आहे. डागा लेआऊटमधल्या एका काकांची, एकच मालक, ८४ हजार किलोमीटर, आतून एकदम चकाचक. आपली विकायची, कर्ज मिटवायचं, ही घ्यायची, असा विचार आहे. महिन्याला सोळा हजार वाचतात. बायको म्हणते थांबा. सासरे म्हणतात, गाडी विकली तर लोक म्हणतील यांचे दिवस फिरले. रोज जाणं-येणं ४५ किलोमीटर. कंपनीची बस आहे, आमच्या स्टॉपवर सकाळी ६.५० ला येते, पगारातून ९०० कापतात. पण गाडी आल्यापासून मी बस सोडली. घरी आई आहे, तिला गुडघ्याचा त्रास. वर्षातून चार-पाच वेळा अमरावतीला जातो. काय करू, सांगा नं.
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर :

भाऊ, तुमच्या पत्रातल्या एका ओळीखाली मी पेनाने रेघ मारली. ‘महिन्याला सोळा हजार वाचतात.’ ते वाचत नाहीत. तुमच्या हातात राहतात, एवढंच. हातात राहणं आणि वाचणं यांत किती फरक आहे तो तुम्हाला आकड्यांनिशी दाखवते, कारण मोटार विम्याचे दावे तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली आणि हप्त्याला गाडीचा खर्च समजून चांगल्या गाड्या विकणारी माणसं मी फार पाहिली.

गाडी १२ लाख ८० हजारांची, आज तिला ७ लाख येतात. मधले ५ लाख ८० हजार गेले, आणि आता तुम्ही काहीही केलं तरी ते परत येणार नाहीत. दहा लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात १२ टक्के एकरकमी रोड टॅक्स लागतो, तो पहिल्याच दिवशी गेला. नवेपणाची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत गेली. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप उतरतो. तुमची गाडी चार मीटरच्या आणि बाराशे सीसीच्या आतली असेल तर डीलरने सांगितलेल्या ७ लाखांत त्याचाही वाटा आहे. म्हणजे उतार जिथे सगळ्यात तीव्र होता तो भाग तुम्ही उतरून आलात, आणि सपाटी लागली तेव्हा गाडीतून उतरायचं म्हणता.

कर्जाचंही तसंच. सात वर्षांच्या तुमच्या कर्जावर एकूण व्याज ३ लाख ३० हजार होतं. त्यातलं २ लाख ६२ हजार तुम्ही भरून चुकलात. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी असते, हे बँक सांगत नाही असं नाही, पण आपण तो तक्ता उघडून बघत नाही. उरलेल्या ३६ हप्त्यांचे ५ लाख ७० हजार होतात, आणि त्यात व्याज फक्त ६८ हजार. बाकीचे ५ लाख २ हजार ही तुमची मुद्दल आहे. गाडी विकली तरी ती द्यावीच लागेल, फक्त एकदम.

आता सेडानचा हिशेब. ७ लाखांतून ५ लाख २ हजार बँकेला. कार लोन बहुतेक फिक्स्ड दराचं असतं, त्यामुळे मुदतीआधी मिटवलं तर शुल्क लागतं. तुमच्या करारात किती टक्के लिहिलंय ते काढून बघा. मी चार टक्के धरले, वर जीएसटी, म्हणजे जवळपास २४ हजार. हातात राहिले १ लाख ७४ हजार. सेडान २ लाखांची. म्हणजे बचतीचा पहिला दिवस खिशातून २६ हजार घालून सुरू होतो, आणि नावावर करण्याचा, एजंटचा, मेकॅनिककडून तपासून घेण्याचा खर्च त्यानंतर.

पुढची तीन वर्षं दोन्ही गाड्यांची शेजारी शेजारी मांडू, म्हणजे तुमचा हप्ता संपेपर्यंतची. महिन्याला १२०० किलोमीटर आणि पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलंय.

तुमची गाडी ठेवली, तर आजचे ७ लाख तीन वर्षांनी साडेचार लाखांवर येतील. अडीच लाख गेले. व्याज ६८ हजार. विमा वर्षाला १६ हजार धरून ४८ हजार. सर्व्हिसिंग, एकदा टायरचा संच आणि एक बॅटरी मिळून ७० हजार. १५ चं ॲव्हरेज धरलं तर पेट्रोल ३ लाख. बेरीज ७ लाख ३६ हजार.

सेडान घेतली, तर २ लाखांची गाडी तीन वर्षांनी ऐंशी हजारांना जाईल. १ लाख २० हजार गेले. कर्ज मिटवण्याचं शुल्क २४ हजार, कागदपत्रं ५ हजार. घेतल्या घेतल्या चार टायर, बॅटरी, शॉकॲब्सॉर्बर आणि लोअर आर्म, एसीचा गॅस आणि सगळी ऑइलं यांना मिळून किमान ४५ हजार. नंतर वर्षाला ३५ हजार दुरुस्ती, म्हणजे १ लाख ५ हजार. विमा २४ हजार. पेट्रोल, शहरात आणि वर्धा रोडवर मिळून साडेअकराचं ॲव्हरेज धरलं तर ३ लाख ९० हजार. आणि २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. तिचं पुन्हा पासिंग करायला आरटीओत ५ हजार फी, पर्यावरण कर, आणि तपासणीत पास व्हावी म्हणून आधी करायचं काम, सगळं मिळून १० हजार. बेरीज ७ लाख २३ हजार.

तीन वर्षांत फरक १३ हजार. महिन्याला ३६१ रुपये. आणि एवढं सगळं कशासाठी, तर चार वर्षांच्या गाडीऐवजी चौदा वर्षांची गाडी दारात उभी करण्यासाठी.

वर्षाला ३५ हजार दुरुस्ती तुम्हाला जास्त वाटेल. माझ्या मते कमीच धरलीय. जुन्या मोठ्या गाडीबद्दल लोक एक गोष्ट विसरतात. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दहा-बारा लाखांची म्हणून जन्मलेली सेडान आज २ लाखांना मिळते, पण तिचा एसीचा कॉम्प्रेसर, तिची क्लच प्लेट, तिचा हेडलाइट आजही दहा-बारा लाखांच्या गाडीचाच आहे. आणि नागपूरच्या उन्हात एसी ही चैन नाही. मे महिन्यात ४५ अंशांत, बुटीबोरीच्या सिग्नलला इंजिन तापतं, पंखा सतत फिरतो, रबरी पाइप कडक होतात. इथे बॅटरी तीन-चार वर्षांवर क्वचितच टिकते. पुण्याच्या माणसाचा जुन्या गाडीचा अनुभव आपल्या कामाचा नाही.

पेट्रोलचंही सांगते, कारण याबद्दल अर्धवट बोललं जातं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं, सगळ्याच गाड्यांचं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी आणि प्लास्टिकचे भाग या पेट्रोलला सोसतील असे येतात. तुमची गाडी त्याआधीची आहे, सेडानही आधीची. पण तुमच्या गाडीचे पाइप आणि सील चार वर्षांचे आहेत, तिचे चौदा. कुठले आधी गळतील हे सांगायला मेकॅनिक नको.

आता त्या सेडानबद्दल. तुमच्या पत्रात ‘डागा लेआऊट’ वाचलं आणि मी थांबले. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोण विसरेल? काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊटपर्यंत घरांत शिरलं. पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या खिडकीपर्यंत बुडाल्या. ते काका खोटं बोलताहेत असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांची गाडी त्या रात्री दुसरीकडे असेल, पहिल्या मजल्याच्या पार्किंगमध्ये असेल. पण ‘आतून एकदम चकाचक’ या शब्दांवर विश्वास ठेवायचा नाही. चौदा वर्षांच्या गाडीचं आतलं कापड नवं दिसत असेल तर ते का बदललं, हा पहिला प्रश्न.

बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, पॉलिश करून सुंदर दिसते. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत ज्यांत सुवासिक स्प्रेमुळे वास येत नव्हता, पण सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला की आतल्या भागावर चिखलाची सरळ रेघ होती. ही रेघ पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बेल्ट तिथपर्यंत कुणी ओढतच नाही. तुम्ही चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीट मागे-पुढे सरकवा आणि खालच्या पट्ट्यांवर गंज आहे का पाहा. डिकीतलं स्टेपनी काढून त्या खड्ड्यात बोट फिरवा. गाळ तिथे वर्षानुवर्षं राहतो. गालिचा एका कोपऱ्यातून उचला. गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद मिळते, आणि विमा कंपनीकडे आधीचे दावे कळतात. मालकाने सोबत येऊन मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. पाण्यात गेलेल्या गाडीची खरी दुखणी दोन-दोन वर्षांनी वर येतात. वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर चढतो, आणि मग आज खिडकी वर होत नाही, उद्या सेन्सर चुकीचं दाखवतो, परवा गाडी मिहानच्या पुलाखाली बंद पडते. त्या वेळी मेकॅनिक एकेक भाग बदलत जातो आणि बिल तुमचं वाढत जातं.

सुरक्षिततेचा विचार मी पैशांच्या आधी करायला हवा होता. चालकाची एअरबॅग आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, एबीएसही त्याच वर्षी. त्याआधीच्या गाडीत ते असेलच असं नाही. वरच्या मॉडेलला असायचं, खालच्याला नाही. तुम्ही रोज वर्धा रोडवर ट्रकांच्या रांगेत असता, अमरावतीला जाताना आई आणि मुली मागे असतात. सेडान बघायला गेलातच तर तिच्या टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मे महिन्यात हायवेवर नेऊ नका. ही सूचना तुमच्या आताच्या गाडीलाही लागू आहे. २०२२ च्या सुरुवातीचे टायर या तीन वर्षांत बदलायला येतील.

मग जुनी गाडी घेणं कधीच फायद्याचं नसतं का? असतं. माझ्या शेजारी एक निवृत्त काका राहतात, त्यांच्याकडे २०११ ची छोटी हॅचबॅक आहे. महिन्याला दीडशे किलोमीटर, बँक, देऊळ, दवाखाना, कधी धंतोलीत बहिणीकडे. त्यांना पेट्रोलला हजारेक रुपये लागतात, ॲव्हरेज दोनने कमी झालं तरी शंभर-दोनशेचा फरक. गाडीची किंमत आधीच इतकी उतरली आहे की आता पडायला जागाच नाही. गॅरेजवाला ओळखीचा आहे आणि गाडी एक दिवस बंद राहिली तरी काही अडत नाही. अशा माणसाने जुनी गाडी जरूर वापरावी. तुम्हाला महिन्याला १२०० किलोमीटर जायचं आहे आणि शिफ्टला वेळेवर पोचायचं आहे. जितकं जास्त चालणं, तितकी जुन्या गाडीची स्वस्ताई पेट्रोल आणि गॅरेज खाऊन टाकतं.

आणि ज्याचे हप्ते बाउन्स व्हायला लागले आहेत, क्रेडिट कार्डवरून हप्ता भरायची वेळ आली आहे, त्याने हा हिशेब करत बसू नये. गाडी विकून मोकळं व्हावं, तोटा झाला तरी. तुमची ती वेळ नाही. चार वर्षांत एकही हप्ता न चुकवलेला माणूस सात हजारांच्या ओढाताणीत आहे, कर्जात बुडालेला नाही.

उतरायचंच असेल तर वयाने नका उतरू, आकाराने उतरा. २०१९ च्या उत्तरार्धातली हजार सीसीची हॅचबॅक, दुसरा मालक चालेल पण सर्व्हिसची नोंद पूर्ण हवी, साधारण ३ लाख २० हजारांत. त्यासाठी १ लाख ७५ हजारांचं कर्ज लागेल, आणि जुन्या गाडीच्या कर्जाचा दर जास्त असतो, १३ टक्के धरा. तीन वर्षांसाठी हप्ता ५९०० येतो. ॲव्हरेज १८, पेट्रोल तीन वर्षांत अडीच लाख. किमतीतली घट १ लाख ३० हजार, सुरुवातीचं काम २५ हजार, दुरुस्ती ५४ हजार, विमा २१ हजार, जुनं कर्ज मिटवण्याचं शुल्क, नव्याचं व्याज आणि कागद मिळून ६६ हजार. बेरीज ५ लाख ४६ हजार. तुमची गाडी ठेवण्यापेक्षा १ लाख ९० हजारांनी कमी. ही बचत खरी आहे, आणि ती गाडी जुनी असल्यामुळे होत नाही, लहान असल्यामुळे होते. तिचा थर्ड पार्टी विमासुद्धा बघा : जून २०२२ च्या दरांप्रमाणे हजार सीसीपर्यंत २०९४ रुपये, त्यापुढे दीड हजार सीसीपर्यंत ३४१६. वयाचा त्यात संबंधच नाही, इंजिनाचा आहे. म्हणून दोन्ही इंजिनं एकाच गटातली असतील तर चौदा वर्षांच्या सेडानलाही तुमच्या एसयूव्हीइतकाच थर्ड पार्टी भरावा लागला असता.

पण हॅचबॅकमध्ये आईंना खाली वाकून बसावं लागेल. गुडघ्याच्या माणसाला एसयूव्हीची उंच सीट किती सोपी पडते हे मी माझ्या आईच्या शेवटच्या वर्षांत पाहिलं आहे. ज्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला चढता-उतरता येत नाही, त्या गाडीने तो माणूस घराबाहेर पडणंच कमी करतो. या गोष्टीचा आकडा मला मांडता येत नाही, पण ती माझ्यासाठी आकड्यांइतकीच मोठी आहे.

आणि आता ६.५० ची बस. भाऊ, तुमच्या पत्रातला खरा पैसा तिथे आहे. महिन्यात कामाचे २४ दिवस धरू. त्यातले वीस दिवस बसने गेलात आणि उशिराच्या शिफ्टचे चार दिवस गाडीने, तर ९०० किलोमीटर वाचतात. म्हणजे ६० लिटर पेट्रोल, ६२४० रुपये. बसचे ९०० वजा जाता महिन्याला ५३४० उरतात. तीन वर्षांत १ लाख ९२ हजार. छोटी गाडी घेऊन जेवढे वाचले असते त्याहून दोन हजार जास्त, आणि ना कर्ज मिटवण्याचं शुल्क, ना नवं कर्ज, ना आरटीओची चक्कर. गाडी महिन्याला ३०० किलोमीटर चालेल, टायर आणि क्लच जास्त टिकतील, आणि तीन वर्षांनी कमी चाललेल्या गाडीला भाव चांगला येईल. ते मी हिशेबात धरलेलंच नाही.

तुमची सात हजारांची गरज यातून ५३४० ने भरते. उरले साडेसोळाशे. विम्याच्या नूतनीकरणाला तीन ठिकाणी भाव विचारा. चार वर्षांत दावा केला नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या भागावर तुम्हाला ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो, तो कागदावर लागलाय का पाहा. वर्षाला तीन-चार हजार सहज उतरतात. शनिवारी सीताबर्डीला जाणं उज्ज्वलनगरहून मेट्रोने करा, पार्किंगचा त्रासही जाईल. क्लासची फी एकरकमी भरायची की तीन हप्त्यांत, हे विचारून घ्या. प्रवेशाच्या दिवसांत मागितलं तर बहुतेक क्लास देतात. एवढ्यात तुमचं भागेल असं मला वाटतं.

बस सोडली तेव्हा तुम्ही काय गमावलं तेही लिहायला हवं होतं. सकाळी पाऊण तास डोळे मिटून बसता येत होतं, परत येताना सोबत्यांशी बोलणं होत होतं. आता तो पाऊण तास ट्रकच्या मागे ब्रेकवर पाय ठेवून जातो. हे सुख आहे की सवय, हे तुमचं तुम्ही ठरवा.

सासऱ्यांना मी एवढंच सांगेन की गाडी विकणं यात कमीपणा काहीच नव्हता, आणि हिशेबात बसलं असतं तर मीच विका म्हटलं असतं. तुमच्या पत्नीने थांबायला सांगितलं ते बरोबर सांगितलं. त्यांच्याजवळ हे आकडे नसतीलही, पण घरात पैसा कुठून कुठे जातो हे त्यांना दिसत असावं.

तर मी असं करेन. मित्राला उद्याच सांगेन की सेडान नको, टोकन देऊन ठेवणार नाही. सोमवारपासून ६.५० च्या स्टॉपवर उभी राहीन. पेट्रोलच्या पावत्या एका पाकिटात ठेवत जाईन. तीन महिन्यांनी पाकीट उघडेन. तेव्हाही ओढाताण तशीच असेल तर छोट्या गाडीचा रस्ता उघडा आहे. त्या वेळी आधी आईंना गाडीत बसवून बघा, मग भाव करा. विकताना बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेऊन आरसीवरची कर्जाची नोंद उतरवायला विसरू नका, आणि मालकी बदलल्याची खबर चौदा दिवसांच्या आत आरटीओला द्या, नाहीतर नव्या मालकाची चलानं तुमच्या फोनवर येतील. तुमचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर जाऊ देऊ नका. तो तुमचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला लावता येतो.

तोवर हप्ता चालू ठेवा. जानेवारी २०२९ ला तो संपेल. तेव्हा दारात सात वर्षांची, कमी चाललेली, सवयीची, पूर्ण तुमची गाडी असेल, आणि मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला. त्यानंतर ती गाडी पाच वर्षं विनाहप्ता चालवलीत की दर महिन्याला १५ हजार ८३७ रुपये खरोखर वाचतील. तुम्ही आज ज्या सोळा हजारांच्या मागे लागलात, ते तिथे आहेत, तीन वर्षं पुढे.

एप्रिलअखेर पाकिटातल्या पावत्यांची बेरीज मला लिहून पाठवा. बसमध्ये कोणत्या बाजूला ऊन येतं तेही कळवा, तुमच्यासारखे बुटीबोरीला जाणारे बरेच वाचक आहेत.